सळई ओढणारी जुनी १६१३: स्टेअरिंग आणि पाट्यांच्या कामाला कोणता माल टाकावा?

सळईवाला, जालना

गाडी टाटा एलपीटी १६१३, सहाचाकी ट्रक, नऊ लाख किलोमीटरच्या पुढे पळालेली. जालन्याहून सळई भरून पुणे नाहीतर कळंबोली, येताना जे मिळेल ते. कमिन्स इंजिनाची तक्रार नाही. पुढून मात्र गाडी सैल झालीय. रिकामी असताना पन्नासच्या वर स्टेअरिंग थरथरतं, पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने खाल्लेत, आणि भरलेली गाडी उताराला लागली की डावीकडे ओढते.

गॅरेजवाल्याने यादी दिली: दोन्ही बाजूंचं किंगपिन किट (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती पिन आणि तिचे बुश), टाय रॉड एंड (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे सांधे), ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा), पुढचे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), पाटे चेसिसला टांगणाऱ्या शॅकल पिना, बुश, शॉकअप. शेजारी दोन आकडे. एक सगळा माल ट्रक कंपनीच्या डब्यातला धरून, दुसरा ‘चांगल्या लोकल’चा. दुसरा पहिल्याच्या निम्म्याहून कमी.

माझं मत आधीच मांडतो, मग तुम्ही फोडा. जे तुटलं तर स्टेअरिंग हातातून जातं, ते कंपनीचंच घ्यायचं: टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक, किंगपिन. जे तुटलं तर गाडी फक्त रस्त्यात उभी राहते, म्हणजे पाटे, बुश, शॉकअप, ते बाजारातलं चालतं. एवढ्या जुन्या गाडीत पाट्यांवर कंपनीच्या डब्याचे पैसे घालणं मला पटत नाही.

हिशोबी

मला तर यातला कुठलाच खर्च पटत नाही. गाडीला आज भंगाराच्या वर किती मिळतील ते आधी विचारून या. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस, विमा, टायर, आणि आता हे. अशा गाडीला जुन्या गाडीचा अख्खा पुढचा ऍक्सल आणून बसवतात. कुर्ल्याला सीएसटी रोडला चांगल्या अवस्थेतला मिळतो, किंगपिन, स्टब (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग), टाय रॉड सगळं एकत्र. एका दिवसात काम संपतं, गाडी भाड्याला लागते. कंपनी स्वतःसुद्धा प्रोलाईफ नावाने जुनी एग्रिगेट, म्हणजे मोठे जोडलेले भाग, दुरुस्त करून विकतेच ना? मग जुन्या मालाची एवढी शिवाशिव कशाला?

काउंटरवाला, पुणे

हिशोबी, प्रोलाईफ आणि कुर्ला एका वाक्यात घेऊ नका. एकीकडे माल उघडून, मोजून, झिजलेलं बदलून, वॉरंटीसह येतो. दुसरीकडे ज्या गाडीतून ऍक्सल निघाला ती उलटली होती की समोरून ठोकली होती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आय-बीम, म्हणजे ऍक्सलचा आडवा दांडा, दोन-तीन मिलीमीटर वाकलेला डोळ्याला दिसत नाही. टायरला दिसतो.

आता मालकांच्या मुद्द्यावर. तुम्ही ‘कंपनी’ आणि ‘लोकल’ असे दोनच कप्पे केलेत, गल्लत तिथेच आहे. ट्रक कंपनी टाय रॉड एंड स्वतः घडवत नाही. चेन्नईची राणे मद्रास स्टेअरिंगचे सांधे आणि रॉड गाड्यांच्या कारखान्यांना पुरवते आणि स्वतःच्या नावाने बाजारातही विकते. पाट्यांत तेच काम यमुनानगरची जमना ऑटो करते. हा माल ‘लोकल’ नाही आणि ट्रक कंपनीच्या डब्याच्या भावाचाही नाही. तिसरा थर म्हणजे बिननावाचा माल. नाना पेठेत तो दिवसभर खपतो, मी विकत नाही असं म्हणणार नाही, पण स्टेअरिंगसाठी मागितला तर देत नाही.

आणि डब्याचंच म्हणाल तर नकली डबाही मिळतो. होलोग्राम आणि छापील किंमत बघा, पार्ट नंबर जुन्या नगाशी ताडून घ्या, पक्कं बिल घ्या. बिल द्यायला जो काचकूच करतो त्याच्या डब्यावर काहीही छापलेलं असो, माल परत द्या.

फिटर आबा

मालक, तुमची यादी गॅरेजवाल्याने गाडी जॅकवर घेऊन केली का नुसती ऐकून? विचारतो कारण तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी एका रोगाच्या नाहीत.

आतल्या कडेने टायर खाणं: किंगपिनचे बुश गेले की भाराखाली चाकाचा वरचा भाग आत झुकतो. टो बिघडला असेल, चाकं पुढून फाकलेली असतील, तरी हेच दिसतं. पुढचा ऍक्सल उचला, खाली घोडी लावा, चाक वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, दिसला तर लगेच किंगपिन म्हणू नका. आतून कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर हबचं बेअरिंग सैल आहे, नुसतं सेट करून भागू शकतं. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिन. तेच चाक डावी-उजवीकडे हलवून टाय रॉड एंड बघा. ड्रॅग लिंकसाठी गाडी जमिनीवर ठेवूनच क्लीनरला स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला सांगा आणि स्वतः खाली आडवं होऊन सांध्यावर हात ठेवा. गेलेला सांधा हाताला कळतो.

उताराला डावीकडे ओढणं: उताराला तुम्ही ब्रेकवर असता. म्हणजे आधी डाव्या-उजव्या ब्रेकची सेटिंग, ड्रम आणि लायनर (ब्रेकचं अस्तर) बघा. ते बरोबर असूनही ओढत असेल तर पाटे. आणि इथेच तुमची वाटणी मोडते. ब्रेक लागला की ऍक्सल पाट्यांवर पीळ घेतो. पाटे दबून बसलेले, सैल झालेले असतील तर तो जास्त फिरतो. ऍक्सलबरोबर स्टेअरिंग आर्मचं टोक सरकतं, पण ड्रॅग लिंकची लांबी तर तेवढीच. मग ड्रायव्हरने स्टेअरिंग न हलवता चाक वळतं. म्हणजे तुमच्या हिशोबाने जो ‘फक्त उभी करणारा’ पार्ट आहे, तोच ब्रेकच्या वेळी तुमची गाडी वळवतोय.

पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला की काय होतं तेही सांगतो. पाटे ऍक्सलला बांधणारे यू बोल्टही सैल असले तर ऍक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मेन पाट्याचा डोळा, म्हणजे टोकाचं गोल भोक, तुटला तर ऍक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारं त्या बाजूला काही उरत नाही. घाटात हे झालं तर गाडी ‘उभी राहत’ नाही.

सळईवाला, जालना

आबा, ब्रेक दाबून बघायचं आमच्याकडे कुणी केलं नाही. उद्या करतो. पाट्यांचा मुद्दाही मान्य, पण तो पाटे बदलावेत इतकाच सिद्ध करतो. कुठल्या डब्यातले घ्यावेत हे त्यातून ठरत नाही. पोलाद ते पोलाद.

काउंटरवाला, पुणे

पोलाद ते पोलाद हे सळईवाल्याने म्हणावं! पाट्याचं पोलाद स्प्रिंगचं असतं, ईएन ४५ किंवा एसयूपी ९ सारख्या ग्रेडचं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचं हार्डनिंग आणि टेम्परिंग. भट्टीत तापमान नीट धरलं नाही तर तोच ग्रेड एकतर महिन्यात बसतो नाहीतर काचेसारखा तुटतो. वरून रंग दोन्हींवर सारखाच काळा.

उसाचा ट्रक, कराड

एवढं सगळं पुस्तकी. आमच्याकडे सीझनला कारखान्यावर गाड्या जातात त्या सगळ्यांना एक पाटा जास्तीचा टाकलेला असतो. जुने पाटे भट्टीवर देऊन कमान भरून घ्यायची, वर एक जादा पाटा, काम तमाम. वर्षानुवर्षं चाललंय. नवीन सेट घेणारा आमच्याकडे एखादाच, आणि त्याचा पण पुढच्या सीझनला तुटतोच. रस्ता शेतातला असेल तर कंपनी काय आणि लोकल काय.

फिटर आबा

उसाच्या गाडीचा वेग आणि फेऱ्याचं अंतर वेगळं. ती शेतातून कारखान्यापर्यंत जाते, ही गाडी हायवेने कळंबोलीला. जादा पाट्याने गाडी बसत नाही हे खरं, पण तो धक्का जातो कुठे? हँगर (पाटा चेसिसला धरणारा ब्रॅकेट), त्याचे रिव्हेट आणि चेसिसमध्ये. पुढच्या बाजूला तर जादा पाटा घालूच नये. पुढून उंची बदलली की किंगपिनचा कल, म्हणजे कॅस्टर बदलतो, स्टेअरिंग जड होतं नाहीतर सरळ परत येत नाही. तुमच्या गाडीत पाटा आणि ऍक्सलच्या मध्ये पाचर असेल तर ती कोणत्या बाजूला जाड होती ते खोलतानाच खडूने लिहून ठेवा. उलटी बसली की नव्या किंगपिनावरसुद्धा गाडी थरथरते आणि मग मालक पार्टवाल्याशी भांडतो.

कमान भरून घेण्याबद्दल: गरम करून ठोकलं की आकार येतो, पण नंतर तेल आणि टेम्परिंग नीट करणारी भट्टी किती जणांकडे आहे? नुसता थंडा ठोकलेला पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो. आणि जुन्या पाट्यांत एखादाच नवा घातला तर भार नवा खातो, तोच आधी तुटतो. बदलायचे तर डावे-उजवे दोन्ही सेट.

उसाचा ट्रक, कराड

म्हणजे सगळ्या महाराष्ट्राने चुकीचंच केलं म्हणायचं. बरं.

हिशोबी

आबांचं तंत्र बरोबर असेल, पण त्यांच्या यादीने बिल कमी झालं की वाढलं? ब्रेक तपासा, दोन्ही सेट बदला, वर बिननावाचं काही नको. गाडीची उरलेली कमाई कोण मोजणार? मालकाने ही गाडी वर्षभरात काढायची ठरवली तर एवढं करून पुढच्या माणसाला भेटच द्यायची.

रात्रपाळी (ड्रायव्हर)

हिशोबी साहेब, ते वर्ष गाडीत मी बसलेला असतो. खंबाटकीच्या बोगद्याकडून उतरताना मागे सोळा टन असतात आणि पुढे एसटी. मालकाने गाडी विकायची का ठेवायची ते ठरवावं, पण चालते तोवर स्टेअरिंग धड पाहिजे. आणि एक सांगतो, बरेच मालक प्ले कमी करायला स्टेअरिंग बॉक्सचा वरचा स्क्रू आवळून घेतात. दोन दिवस बरं वाटतं. मग सरळ रस्त्यावर स्टेअरिंग मध्ये अडकायला लागतं आणि वळणावरून परत येत नाही. प्ले बॉक्समध्ये नसतो, सांध्यांत असतो, पण स्क्रू आवळायला पैसे लागत नाहीत ना.

काउंटरवाला, पुणे

सोळा टन ‘मागे’ असतील तर गाडी आधीच जास्त भरलेली आहे हो. १६१३ चं गाडीसकट एकूण वजनच १६.२ टन. २०१८ च्या जुलैत केंद्राने ऍक्सलभाराची मर्यादा वाढवली, दोन ऍक्सलची गाडी १६.२ वरून १८.५ वर गेली, पुढच्या ऍक्सलला ६ चे ७ टन झाले. पण त्याआधीच्या गाडीचे पाटे, किंगपिन आणि आय-बीम जुन्याच हिशोबाने बनलेले आहेत. आमच्या काउंटरवर ‘माल टिकत नाही’ म्हणून येणाऱ्यांना मी आधी काट्याची पावती मागतो.

रात्रपाळी (ड्रायव्हर)

काटा मालकाला दाखवा. मी भरत नाही, मी चालवतो.

सळईवाला, जालना

वजनाचा टोला लागला, पुढे जाऊ या. आज गाडी उचलून बघितली. डाव्या बाजूला ब्रेक दाबूनही वर-खाली प्ले आहे, म्हणजे किंगपिन गेलं. उजवीकडचा प्ले ब्रेक दाबल्यावर जातोय, ते बेअरिंगच आहे. टाय रॉडचा डावा एंड सैल, उजवा ठीक. ड्रॅग लिंक ठीक. डावा मेन पाटा डोळ्याजवळ चिरलाय. ब्रेकचा उजवा लायनर तेलकट निघाला, हबचं सील गेलंय. म्हणजे यादीतल्या ड्रॅग लिंकचे पैसे वाचले आणि यादीत नसलेलं सील आणि लायनर आले.

आता प्रश्न: किंगपिन एकाच बाजूचं केलं तर?

फिटर आबा

उजवा लायनर तेलकट, म्हणजे उजवं चाक धरत नाही आणि गाडी डावीकडे जाते. ओढण्याचं निम्मं उत्तर तिथेच. लायनर मात्र दोन्ही बाजूंचे बदला.

किंगपिन दोन्ही करा. एकाच वयाचे आहेत, उजवंही मागोमाग जाणार, आणि मजुरी पुन्हा द्यावी लागेल. टाय रॉड एंडही दोन्ही, एकाला डावा आटा असतो, एकाला उजवा, जोडीने घ्या. एंडचा टेपर (निमुळती पिन) आर्मच्या भोकात हाताने दाबून बसतो का ते नट लावायच्या आधी बघा. जो टेपर डुलतो तो कितीही आवळला तरी सुटणार. कॅसल (खाचांच्या) नटची खाच स्प्लिट पिनेला जुळली नाही तर नट मागे ढिला करायचा नाही, पुढे आवळून जुळवायचा.

माझ्या मते या कामात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते बुश बसवताना. डबा कंपनीचा, आणि बुश हातोड्याने ठोकून, वर पॉलिश पेपर मारून पिन घुसवलेली. बुश प्रेसवर दाबायचा आणि दोन्ही बुशांत एका रेषेत रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवायचा. रीमर नसलेल्या फिटरकडे कंपनीचं किट आणि बिननावाचं किट सारखंच टिकतं. नंतर ग्रीस मारताना पुढचा ऍक्सल उचलून मारा, भार असताना थ्रस्ट बेअरिंगच्या तोंडाशी ग्रीस पोचत नाही.

हिशोबी

म्हणजे शेवटी कंपनी की लोकल याचं उत्तर आबांनी दिलंच नाही.

फिटर आबा

दिलं की. स्टेअरिंगचे सांधे आणि पाटे, कारखान्यांना माल पुरवणाऱ्यांच्या नावाचे. डबा ट्रक कंपनीचाच पाहिजे असा माझा हट्ट नाही, मालकांचा आहे. शॅकलचे बुश आणि पिना दर्जेदार बाजारातल्या. शॉकअप चालू असेल, गळत नसेल तर राहू द्या. यू बोल्ट मात्र नवीन, कुणी कितीही म्हटलं ‘चांगले आहेत’ तरी. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही.

सळईवाला, जालना

किंगपिन आणि टाय रॉड एंड मी कंपनीच्याच डब्यातले घेणार, तेवढा फरक मला झोपेसाठी परवडतो. पाटे जमनाचे, दोन्ही बाजूंचे. उसवाले दादा, जादा पाटा नाही. जालन्यात एमआयडीसीत लेथ आणि प्रेस गल्लोगल्ली आहेत, पण किंगपिनचा रीमर कुणाकडे आहे?

फिटर आबा

बसगाड्यांचे स्टब काढून काम करणाऱ्या जुन्या फिटरकडे विचारा, एसटीच्या कामातून निवृत्त झालेल्यांकडे हमखास असतो. टो सेट झाल्याशिवाय गाडी भरू नका, आणि पहिला भरलेला फेरा झाला की यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या, भरलेल्या गाडीवरच.