बोक्याला ‘शुगर आहे’ की बोक्याची ‘शुगर वाढली’?

प्रश्न: आमच्या बोक्याच्या रक्तातली साखर 240 निघाली. घरात लगेच ‘बोक्याला शुगर आहे’ सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, ‘आज वाढलेली दिसतेय, मधुमेह म्हणायची घाई नको.’ या दोन बोलण्यांत खरंच फरक आहे का?

प्रतिसाद: मोठा फरक आहे. ‘वाढली’ ही त्या घटकेची नोंद, ‘आहे’ हा आजार. दवाखान्यात भेदरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने 300 च्याही वर जाऊ शकते. कुत्र्यांत असं सहसा होत नाही. फ्रुक्टोसामाइन ही रक्ताची तपासणी करून घ्या, साखरेचा मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येईल. त्याआधी ‘आहे’ म्हणू नका. त्या एका शब्दावर इन्सुलिन सुरू करणारे लोक मी पाहिलेत.

प्रतिसाद: ‘मेह’ म्हणजे लघवी, हेही ध्यानात घ्या. मूत्रपिंडाला पेलवेनाशी झाली की साखर लघवीत उतरते. कुत्र्यात ही पातळी साधारण 200, मांजरात त्याहून बरीच वर. 1889 मध्ये स्ट्रासबुर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या संशोधकांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तेव्हा त्याला झालेला मधुमेह ओळखू आला तोही लघवीतल्या साखरेवरूनच. बोक्याची लघवी तपासलीत का?

प्रश्नकर्ता: तपासली, साखर नाही. आणखी एक विचारतो. ‘रेमिशन’ला, म्हणजे इन्सुलिनशिवाय साखर आटोक्यात राहण्याला, मराठीत काय म्हणावं? ‘बरा झाला’ चालेल?

प्रतिसाद: नको. ‘बरा झाला’ म्हटलं की माणसं तपासण्या सोडतात. वेळेवर इन्सुलिन आणि कमी पिष्टमय आहार मिळाला तर काही मांजरांना इन्सुलिन द्यावं लागत नाही, पण आजार परतू शकतो. ‘आजाराला उतार पडला’ हेच नेमकं. कुत्र्यांना मात्र इन्सुलिन बहुधा जन्मभर लागतं. माजानंतर साखर वाढलेल्या कुत्रीची लवकर नसबंदी केली तर कधीकधी उतार पडतो, तेवढा अपवाद.

प्रतिसाद: ‘उतार’ मान्य, पण ‘साखर उतरली’ जपून वापरा. शेजारच्या काकूंनी ते आनंदाने सांगितलं, आणि त्यांची कुत्री तेव्हा इन्सुलिन जास्त झाल्याने लटपटत होती. अशा वेळी सरळ ‘साखर फार घसरली’ म्हणावं. हिरड्यांना मध चोळावा आणि तडक दवाखाना गाठावा. मधातही झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं नाही ना, हे बाटलीवर वाचून घ्या. कुत्र्याची साखर त्याने आणखी घसरते.