मदत हवी आहे: करंट गेल्यावरबी चालणारं सोलर पाहिजे (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)

नमस्कार मंडळी. जांबोटीच्या बाजूला आमचं गाव, घर कौलारू. सोलर बसवायचंय पण चार जणांना विचारलं तर चार तऱ्हा सांगतात, म्हणून इथं लिहितोय, जरा लांबेल.

मला बिल वाचवायचं नाही. कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेमुळं २०२३ पासून बिल शून्यच येतंय, आमचा वापर साठ-सत्तर युनिटचा. मला पाहिजे ते करंट गेल्यावर. आईला दमा आहे, नी पाऊस लागला की आमच्याकडं लाईनवर झाड पडतं ते दीड-दोन दिवस करंट नाही. गेल्या आषाढात रात्री दोनला तिला धाप लागली, नेब्युलायझरच्या कपात औषध ओतलेलं, मास्क तोंडाला लावलेला, नी करंट गेला. शेजाऱ्याची गाडी काढून तसंच पावसातनं खानापूरला नेलं, वाटभर तिचा हात धरून होतो, बोटं गार पडलेली. तसली रात्र परत नको.

गावातल्या एकानं केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतनं ३ किलोवॅट सोलर बसवलं. सबसिडीचे ७८ हजार खात्यावर आले, सगळं खरं. पण करंट गेला की त्यांचंबी घर बंद, भर उन्हातसुद्धा! बसवणाऱ्यानं आधी कायच सांगितलं नव्हतं. नंतर कळलं की ऑनग्रिड, म्हणजे लाईनीला जोडलेला बिनबॅटरीचा इन्व्हर्टर लाईन गेली की आपोआप बंद होतो, नाहीतर छपरावरचा करंट उलटा लाईनीत जाऊन खांबावरच्या वायरमनला झटका बसायचा. बरोबरच आहे ते, पण मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? तुमकूर जिल्ह्यात पावगड्याला २०५० मेगावॅटचं सोलर पार्क उभं राहिलं, आणि आम्हाला एका मशीनपुरता करंट रात्री मिळंना याचं वाईट वाटतं.

बहीण चंदगडला दिलीय, ती म्हणते डोळे झाकून बसव. तिकडं महावितरणचं बिल भरावं लागतं, तिचा हिशोब बसतो, माझा कसा बसणार?

त्यात मीटर अजून वडिलांच्या नावावर, ते जाऊन सहा वर्षं झाली. घराच्या उताऱ्यावर दोन्ही काकांची नावं. कागद सगळे कन्नडात, मला बोलता येतं पण वाचताना अडखळतो, पोरगी सातवीला आहे ती वाचून दाखवते. कौलांवर माकडं नाचतात, तिथं पॅनल नको वाटतं. अंगणात ऊन आहे पण निम्म्यावर फणसाची सावली, आणि तो फणस आईनं लावलेला, तोडणार नाही.

हायब्रिड (लाईनीला जोडलेलं नी बॅटरीबी असलेलं) घेऊ का नुसतं बॅटरीवालं? जाणकारांनी सांगा की वो.

निपाणीचा वायरमन: दादा, सूर्यघरमध्ये हायब्रिडबी चालतं, पण बॅटरीला जादा सबसिडी नाही. २ किलोवॅटला ६० हजार मिळतील, तेबी सगळं बसून नेटमीटर (लाईनीत दिलेली नी घेतलेली वीज मोजणारा मीटर) लागल्यावर, आधी पैसे तुम्हालाच घालावे लागतात. शून्य बिलवाल्याला एवढं कशाला? तुमची गरज मोजा: नेब्युलायझर शंभर-सव्वाशे वॅट पण पंधरा मिनिटंच, तीन एलईडी, एक पंखा रातभर, सगळं मिळून पाऊण युनिट. १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) एक ट्युब्युलर बॅटरी, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती ॲसिडवाली, रात्र आरामात काढते. त्यावर ५४० वॅटचं एकच पॅनल अंगणात लोखंडी स्टँडवर घ्या, पण चार्जर एमपीपीटीच (पॅनलची पुरी ताकद ओढून बॅटरीत भरणारा) पाहिजे, साधा घेतला तर मोठ्या पॅनलची निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते. सबसिडी नाही, पण काकांच्या सह्या नकोत नी मीटरचं नावबी आड येत नाही. पावसात पॅनल पाव हिश्श्यावर येतं, म्हणून करंट असेल तेव्हा बॅटरी लाईनवर भरेल असाच इन्व्हर्टर मागा. आणि फणसाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर जरी पडली तरी उत्पादन बरंच पडतं. एक दिवस सकाळी नऊ ते दुपारी चार दर तासाला सावलीच्या कडेला चुन्यानं खूण करा, मगच स्टँडचा खड्डा मारा.

चंदगडचा पावणा: मीटरचं नाव मात्र आत्ताच बदलून घ्या वो, मृत्यूदाखला नी वंशावळ काढून. पुढं मोठं सोलर घ्यायचं झालं तर मीटर एकाच्या नावावर नी बँक खातं दुसऱ्याच्या, तिथंच सबसिडी अडकते. आणि सोलर बसेपर्यंत सेलवर चालणारा छोटा नेब्युलायझर मिळतो, आईच्या डॉक्टरांना विचारून तो घरात आणून ठेवा.

धागाकर्ता: लई उपकार झाले. सेलवाल्या मशीनचं उद्याच डॉक्टरांना विचारतो, चुनाबी घरात आहे. एकच राहिलं, बॅटरी आईच्या खोलीत ठेवली तर चालेल काय? मशीन तिथंच असतंय, वायर कमी लागेल.

निपाणीचा वायरमन: खोलीत अजिबात नको दादा. चार्ज होताना त्यातनं वायू सुटतो, ॲसिडचा वासबी येतो, दम्याच्या माणसाजवळ तसलं ठेवू नये. पडवीत वारं खेळतं तिथं, पावसाचा सपकारा लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा, नी वायर जरा जाड घेऊन आत न्या.