आरोग्याचा पैसा करातून यावा की वर्गणीतून?

जमाखर्च: मी बाजू घेऊनच लिहितो. सगळ्यांना उपचार मिळायचे असतील तर पैसा सर्वसाधारण करातून यावा. जर्मनीने १८८३ मध्ये पगारातून आजारविम्याची वर्गणी कापायला सुरुवात केली, पण कापायला आधी पगार हवा. शेतमजूर, फेरीवाले, घरकामगार यांच्याकडून वसूल कसे करणार? ऐच्छिक ठेवली तर आजाराची धास्ती असलेलेच नाव घालतात, हप्ता चढतो, धडधाकट लोक गळतात आणि हप्ता आणखी चढतो. ब्रिटनने ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी कराचा रस्ता धरला, तिथे हप्त्याची भानगडच नाही.

हप्तेबंद: असहमत. कराचा पैसा दरवर्षी अंदाजपत्रकात भांडून मिळवावा लागतो. ब्रिटनमध्येच तीन वर्षांत कवळी आणि चष्म्यावर शुल्क आले. ज्यांनी ही सेवा उभी केली त्या बेव्हन यांनी त्यावरून १९५१ मध्ये राजीनामा दिला. पुढच्या वर्षी औषधचिठ्ठीवरही शुल्क! वर्गणीचा निधी वेगळा असला की अर्थखात्याचा हात तिथे सहज पोचत नाही.

राहिली गळती, तर ती ऐच्छिक विम्यात होते. नेदरलँड्समध्ये २००६ पासून मूळ विमा सर्वांना सक्तीचा आहे, कंपनीला कुणालाही नाकारता येत नाही, आणि जिच्याकडे म्हातारे व जुनाट आजारांचे ग्राहक जास्त, तिला समानीकरण निधीतून जास्त रक्कम मिळते. हा निधी नसेल तर कंपन्या आजारी माणसाला युक्तीने टाळतात. जाहिराती फक्त तरुणांसाठी, मधुमेहतज्ज्ञ यादीतच नाही, वगैरे.

जमाखर्च: सक्ती टिकते का? अमेरिकेत २०१० च्या आरोग्यविमा कायद्यातला, विमा न घेणाऱ्यांवरचा दंड २०१९ पासून शून्य झाला.

हप्तेबंद: तरी तिथला विमाबाजार कोसळला नाही, कारण हप्त्याला उत्पन्नानुसार अनुदान होते. ते करातूनच येते, हा गुण तुमचा.

खाटाखाटी: पैसा आत कुठून येतो यावरच दोघे अडलात. बाहेर कसा जातो ते बघा. दर सेवेमागे बिल दिले की तपासण्या फुगतात. अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याने, १९८३ मध्ये रुग्णालयांना आजारगटानुसार ठरावीक रक्कम देणे सुरू केले. मग रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि निदान जास्त गंभीर दाखवून वरच्या गटात बसवण्याचा मोहही आला. दवाखान्याला नोंदलेल्या माणसांच्या डोईमागे वार्षिक रक्कम दिली तर खर्च आवरतो, पण रुग्णाला कमी तपासण्यातच दवाखान्याचा फायदा. थायलंडने २००२ मध्ये मिश्रण केले. बाह्यरुग्णांना डोईमागे, दाखल रुग्णांना आजारगटाने, आणि वर एकूण खर्चाला मर्यादा. पैसा करातून, तेव्हा जमाखर्च यांनी खूश व्हायला हरकत नाही.

साधासरळ: एवढे कशाला? रुग्णाने दर भेटीला थोडे पैसे द्यावेत, फुकटची गर्दी आपोआप हटेल.

खाटाखाटी: गर्दी हटते, पण चुकीचीही हटते. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या १९७०च्या दशकात सुरू झालेल्या प्रयोगात खिशातून भरावे लागल्यावर लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर गरजेचेही जवळपास तितकेच कमी केले. जर्मनीने २००४ मध्ये डॉक्टरच्या भेटीसाठी तिमाहीला १० युरो लावले आणि २०१३ पासून काढून टाकले.

हप्तेबंद: शुल्क लावायचेच तर कुठे लावू नये ते आधी ठरवा. नेदरलँड्समध्ये प्रौढांना वर्षाला पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात, पण फॅमिली डॉक्टरची भेट त्यात धरत नाहीत. खोकला अंगावर काढून न्यूमोनिया झाल्यावर येणारा रुग्ण निधीला कितीतरी महाग पडतो.