मदत हवी आहे: मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, इकॉनॉमीत आई-बाबांसाठी कोणतं विमान बरं?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा ऑक्टोबरमध्ये पुण्याहून आमच्याकडे येणार आहेत. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. बाबा पाच फूट अकरा इंच आणि खांद्यात चांगलेच रुंद. आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन (पूर्ण रिप्लेसमेंट) वर्ष उलटून गेलंय. चालते छान, पण पाय तासभर एकाच कोनात राहिला की आखडतो. दोघांचं बिझनेस क्लास आवाक्याबाहेर आहे आणि प्रीमियम इकॉनॉमीचा फरकही जाऊन-येऊन खूप होतो. त्यामुळे इकॉनॉमीतच त्यातल्या त्यात बरी जागा कशी मिळवायची, ते जाणकारांनी सांगावं.

गेल्या खेपेला ते एका मोठ्या कंपनीच्या बोइंग ७७७ मधून आले. जेवण, सेवा, सिनेमे, सगळं उत्तम. पण बाबांचा एक खांदा रात्रभर आयलमध्ये (सीटांमधल्या वाटेत) होता आणि ट्रॉली आली की त्यांना जाग यायची. मधल्या सीटवर आई दोन्ही कोपर पोटाशी धरून बसली होती. पायांपेक्षा दंडांचेच हाल जास्त झाले, असं ती म्हणाली. तेव्हापासून मी लेगरूमबरोबर रुंदीही बघायला लागले. आपल्याकडे चर्चा होते ती लेगरूमची, पण लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीत सीट पिच बहुतेक ठिकाणी ३१-३२ इंचच असतो, त्यात कंपन्यांमध्ये फार डावं-उजवं नाही. पिच म्हणजे एका सीटवरच्या बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. पाठीची गादी पातळ केली की तेवढ्याच पिचमध्ये गुडघ्याला जागा जास्त मिळते, मात्र बसायला ती कडक लागते.

खरा फरक रुंदीत पडतो, आणि ती कंपनीपेक्षा विमानावर आणि एका रांगेत किती सीटा बसवल्या आहेत त्यावर ठरते. ७७७ ची केबिन आतून साधारण ५.८७ मीटर रुंद, एअरबस ए३५० ची ५.६१ आणि बोइंग ७८७ ची ५.४९. म्हणजे तिघांत ७७७ सगळ्यात ऐसपैस. पण बहुतेक कंपन्या त्यात आता ३-४-३ (मध्ये दोन आयल) अशा दहा सीटा बसवतात. सुरुवातीच्या काळात त्यात नऊच असायच्या; एसटीत तिघांच्या बाकावर चौथा सरकून बसतो तसा हा दहावा आला. सीट जेमतेम १७ इंच उरते. ७८७ मध्ये नऊ, तिथेही १७ च्या आसपास. ए३५० मध्ये ३-३-३ असेल तर १८ इंचांच्या जवळ. ए३८० च्या खालच्या मजल्यावर ३-४-३ असूनही १८ च्या पुढे, कारण मुळात केबिनच साडेसहा मीटर. ए३३० मध्ये २-४-२ आणि १८ इंच. जोडप्याला खिडकीकडच्या दोन सीटा मिळाल्या की तिसरा कुणी नाही, मला ही रचना सगळ्यात आवडते.

लांबच्या प्रवासाला किमान १८ इंच हवेत अशी मागणी ए३३०, ए३५०, ए३८० बनवणाऱ्या एअरबसने २०१३ मध्ये जाहीरपणे केली होती. त्यात त्यांचा धंदा होताच, पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. अमेरिकी संसदेने २०१८ च्या कायद्यात एफएएला (तिथली विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) सीटची किमान मापं ठरवायला सांगितलं, एफएएने २०२२ मध्ये लोकांची मतंही मागवली. पण सीट काही रुंद झाली नाही. साठी-सत्तरीच्या माणसांना पंधरा-सोळा तास असं बसवायचं, याचा मला मनापासून राग येतो.

आता पर्याय. दुबईमार्गे एमिरेट्स: मुंबई-दुबई तीन तास, मग ए३८० ने सलग पंधरा-सोळा तास. दोहामार्गे कतार: पुढच्या टप्प्याला ए३५० दिसतंय, वेळ जवळपास तेवढाच. जर्मनीमार्गे लुफ्तान्सा: साधारण नऊ आणि साडेअकरा तास असे दोन तुकडे.

माझे प्रश्न असे. आईच्या गुडघ्याला सोळा तासांची एकच बैठक जास्त त्रासाची, की मध्ये उतरून पुन्हा तपासणी, पुन्हा चढणं? ए३८० आणि ए३५० या दोन्हींतून गेलेल्या कुणाला अंगाला फरक जाणवला का? आणि दोघांच्या सीटा नेमक्या कुठे घ्याव्यात?

प्रतिसाद

तुमचं रुंदीचं गणित बरोबर आहे. फक्त नुसत्या विमानाच्या नावावरही जाऊ नका. ७७७ असूनही सिंगापूर एअरलाइन्सने ३-३-३ ठेवलंय. एअर इंडियाने डेल्टाची जुनी ७७७ भाड्याने आणली त्यात नऊची रांग आणि एतिहादची आणली त्यात दहाची. कंपनी एक, विमान एक, तरी सीट वेगळी! ए३५० मध्येही फ्रेंच बीसारख्या स्वस्त कंपन्या दहा सीटा कोंबतात. उलट जपान एअरलाइन्स आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये २-४-२ अशा आठच ठेवते, इकॉनॉमीत त्याहून बरं मिळणं कठीण. पण मुंबईहून तुम्हाला ते सोयीचं नाही.

एरोलोपा नावाच्या साइटवर विमानांतल्या सीटांचे मापात काढलेले नकाशे असतात. तिकिटावर विमानाचा प्रकार बघायचा आणि तिथे ताडून घ्यायचं. 'ऑपरेटेड बाय' ही ओळही वाचा. तिकीट एकाचं आणि विमान दुसऱ्याचं असं सर्रास होतं. आणि निघायच्या आठवडाभर आधी बुकिंग उघडून बघा. विमान बदललं की निवडलेल्या सीटा कुठेही जाऊन पडतात.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त गुडघ्याबद्दल लिहिते.

डावा गुडघा आहे ना? मग आयल आईंच्या डाव्या हाताला यायला हवी, म्हणजे तो पाय अधूनमधून बाहेर लांब करता येईल. ३-४-३ मध्ये मधल्या चौघांच्या डाव्या टोकाची सीट (बहुधा डी) किंवा उजवीकडच्या तिघांतली आयलची (बहुधा एच). अक्षरं कंपनीगणिक बदलतात, नकाशात बघून घ्या. उजवा गुडघा असता तर नेमकं उलट. बाबांना आयलपलीकडची सी द्या. दोघांनाही आयल मिळते, बोलता येतं आणि उठताना कुणाला ओलांडायला नको. फक्त ट्रॉली येताना पाय आत घ्यायला हवा, तेवढं दोघांनी लक्षात ठेवावं.

सगळ्यात पुढच्या, भिंतीसमोरच्या सीटचा मोह धरू नका. जागा दिसते, पण पाय पूर्ण सरळ होतोच असं नाही, ट्रे हाताच्या दांड्यात असल्यामुळे दांडा उचलता येत नाही आणि सीट आणखी अरुंद होते. शिवाय बाळांचे पाळणे तिथेच लावतात. इमर्जन्सी दाराजवळची सीट मदत लागणाऱ्या प्रवाशाला देत नाहीत, आणि व्हीलचेअर मागितली असेल तर तो प्रश्नच मिटला. व्हीलचेअर मात्र जरूर मागा, कनेक्शनच्या विमानतळावर खूप चालावं लागतं.

एक सलग की दोन तुकडे? माझं मत दोन तुकड्यांकडे झुकतं, पण मधला थांबा तीन तासांहून कमी नसावा. सलगच जाणार असाल तर जाग असेल तेव्हा तासा-दीड तासाने उठून मागच्या गॅलीपर्यंत (जिथे जेवण तयार करतात तिथपर्यंत) चक्कर, आणि बसल्या बसल्या घोटे वर-खाली. पायातल्या शिरेत गुठळी होण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा अभ्यास आहे. चार तासांहून जास्त प्रवासात धोका साधारण दुप्पट होतो, तरी निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक एवढाच आहे. घाबरायचं कारण नाही, पण सांधा बदललेला असल्याने पायाला घट्ट बसणारे स्टॉकिंग्ज लागतील का, ते त्यांच्याच सर्जनना विचारा. मनाने रक्त पातळ करायची गोळी देऊ नका.

प्रतिसाद

सासू-सासऱ्यांना दोन्ही प्रकारांनी आणलंय. ए३८० मध्ये आवाज फार कमी, ते दोघं त्यात खरंच झोपले. ए३५० मध्ये हवा कमी कोरडी वाटते आणि केबिनमधला दाब सहा हजार फुटांच्या उंचीइतका ठेवतात. बऱ्याच जुन्या विमानांत तो आठ हजारांपर्यंत जातो. उतरल्यावर डोकं जड नव्हतं, असं सासरे म्हणाले. रुंदीत दोन्हींत फारसा फरक नाही. मी ए३५० घेईन.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. डाव्या-उजव्या गुडघ्याची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, आजच आईला फोनवर सांगितली. सर्जनची अपॉइंटमेंट शनिवारची घेतली आहे.

जर्मनीचा पर्याय बाजूला ठेवतेय, कारण तिथला थांबा दीडच तासाचा मिळतोय आणि पुढच्या विमानाच्या वेळा त्यांना झेपणाऱ्या नाहीत. दोहा आणि दुबई यांत आता दोहा पुढे आहे, थांबाही तिथे साडेतीन तासांचा बसतोय. सी आणि डी अशा सीटा आत्ताच पैसे भरून राखून ठेवणार आहे. एकच विचारायचं राहिलं: ए३५० मध्ये टॉयलेटच्या फार जवळ नाही आणि आईला फार चालावंही लागणार नाही, अशी रांग साधारण कुठे येते? तिथे बसलेल्या कुणी लिहिलं तर आज रात्रीच बुकिंग करून टाकते.