पहिला तंबाखूचा पाइप: मक्याच्या बुरकुंडाचा घ्यावा की ब्रायर लाकडाचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

'ओढूच नका' हा सल्ला घरात रोज मिळतोय, त्यामुळे इथे नाही मिळाला तरी चालेल. (मिळणार, हे माहीत आहे.)

धाकटा भाऊ अमेरिकेत सेंट लुईसला असतो, डिसेंबरात चिपळूणला येतोय. काय आणू म्हणून विचारलं, मी पाइप सांगितला. तो उत्साहाने तिथल्या तंबाखूच्या दुकानात गेला आणि मला चाळीसेक फोटो पाठवून मोकळा झाला. आता निवडायचं मी!

त्याच्या घरापासून तासाभरावर वॉशिंग्टन नावाचं गाव आहे (राजधानी नव्हे, मिझूरी राज्यातलं). तिथे मक्याच्या बुरकुंडाचे पाइप बनतात, दहा-वीस डॉलरांत मिळतात. ब्रायरचे चांगले पाइप मात्र ऐंशी-शंभरच्या पुढेच. दुकानदार म्हणतो, स्वस्तातला घेतलात तर पाइपची खरी गंमतच कळणार नाही. यात तथ्य किती आणि धंदा किती?

शिवाय सरळ दांडीचा बरा की वाकड्या? फिल्टर लागतो का? तंबाखू कोणती सांगू? फोटोंत व्हॅनिला, चेरी, व्हिस्की असलं बरंच काही दिसतंय. आणि आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तंबाखूचं काय होईल?

कॉलेजात सिगारेट ओढायचो, लग्नानंतर बंद केली. पाइप आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी, रात्री दुकान बंद केल्यावर गच्चीत, एवढाच बेत आहे.

– गच्चीवाला

जुनी_खोड:
धंदाच जास्त आहे. डोळे झाकून बुरकुंडाचा घ्या.

त्या गावात १८६९ पासून हे पाइप बनताहेत. हेन्री टिब नावाच्या मूळच्या डच सुताराने सुरू केलं, आज कंपनीचं नाव मिझूरी मीरशॉम. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या फोटोत दिसतो तो पाइप याच जातीचा. बुरकुंड सच्छिद्र असतं, ओल शोषून घेतं, म्हणून नवशिक्याच्या हातूनही धूर बराच कोरडा येतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. उकळून, महिनोन्‌महिने वाळवून तयार करतात, त्यामुळे आगीला दाद देत नाही. नीट वापरला तर पिढीभर टिकतो. पण नव्या ब्रायरला आतून काजळीचा पातळ थर बसेपर्यंत सांभाळून ओढावं लागतं. बुरकुंडाला तसलं काही नाही, पहिल्या दिवसापासून चालू.

भावाला 'कंट्री जंटलमन' नावाचा बघायला सांगा. तळाला लाकडी बूच असतं आणि भिंत जाड असते. एक मात्र लक्षात ठेवा, बुरकुंडाच्या पाइपची लाकडी दांडी भांड्याच्या (म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या) आत थोडी डोकावते. तळाची शेवटची चिमूट हट्टाने फुंकत बसलात तर ते टोक जळतं आणि जळक्या लाकडाची चव येते. तळाशी थोडी तंबाखू उरली तर उरू द्या.

खडीसाखर:
+१ बुरकुंड. पुढेमागे ब्रायर घ्याल तेव्हा फोटोवरून घेऊ नका, हातात घेऊन बघा. पाइप क्लीनर (सूत गुंडाळलेली बारीक तार) दांडीच्या तोंडातून आत सरकवायचा. तो न अडता भांड्यात आला आणि भोक अगदी तळाशी, मधोमध उघडत असलं, तर काम नीट झालंय. भोक तळापासून वर असेल तर खालची तंबाखू कायम ओली राहते. पाइप कितीही देखणा असो, परत ठेवा.

आपल्याकडे ऑनलाइन मिळतात ते चकचकीत वार्निशवाले 'अँटिक' लाकडी पाइप शोकेससाठी ठीक. लाकूड कुठलं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि भांड्याच्या आतही वार्निश असेल तर तोच धूर तुमच्या तोंडात.

सरळ की वाकडा, तर पहिला सरळ. वाकडा दातांत धरायला हलका वाटतो, पण ओल बाकात साचते आणि गुरगुर सुरू होते. सरळ पाइपमध्ये क्लीनर ओढता ओढताही घालता येतो. फिल्टर हवा तर वापरा, नको तर काढून टाका. बुरकुंडाच्या पाइपमध्ये कागदी येतो, मी पहिल्याच दिवशी टाकला.

दंतवैद्य_नगर:
सल्ला नको म्हणालात, तरी व्यवसायधर्म म्हणून लिहितो. 'पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून निर्धोक' हे खोटं आहे. निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं आणि ओठ, जीभ, तोंड, घसा यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. आधी सिगारेट ओढलेल्या माणसाला तर सवयीने धूर आत ओढायची खोडच असते, मग फुप्फुसंही त्यात आली.

पाइपवाल्यांच्या टाळूवर एक खूण हमखास बघतो: टाळू पांढुरकी होते आणि तीवर बारीक लाल ठिपके दिसतात. आरशासमोर मान मागे टाकून टॉर्चने दिसेल. असं दिसलं, किंवा जिभेवर, गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारं तोंड आलं, तर ओढणं बंद आणि सरळ दवाखाना. दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्या.

गच्चीवाला:
डॉक्टर, टाळूचं माहीत नव्हतं, बघत जाईन. धूर आत जाण्याची धास्ती मलाही आहेच. खोड, खडीसाखर, आभार. पाइप ठरला. तंबाखूचं कोणीच बोललं नाही.

जुनी_खोड:
व्हॅनिला-चेरीच्या नादी लागू नका. डब्यात वास सुरेख, पण ओढताना त्यातलं थोडंच हाती लागतं. बहुतेकांत ओलावा टिकवणारी द्रव्यं असतात, त्यामुळे वाफ जास्त होते. जीभ पोळते ती बहुधा या वाफेने आणि घाईघाईने फुंकण्याने. शेजारपाजारचे वासाची तारीफ करतील, सोसाल तुम्ही. साधं बर्ली (तंबाखूचीच एक जात) मिश्रण मागवा, कार्टर हॉल किंवा प्रिन्स अल्बर्ट. लटाकिया असलेलं इतक्यात नको. ती पानं धुरावर धरलेली असतात, वास चुलीच्या धुरासारखा आणि घरभर राहतो.

भरताना तीन थर. पहिला नुसता सोडून द्यायचा, दुसरा हलका दाबायचा, तिसरा जरा जोर लावून. मग तोंडाने ओढून बघा. हवा अगदी सहज आली तर सैल, गाल आत गेले तर घट्ट. पहिल्यांदा पेटवलं की वरची तंबाखू फुगून उठते. ती दाबायची आणि पुन्हा पेटवायचं. मध्येच विझला तर विझू द्या, सगळ्यांचाच विझतो. भांडं हाताला चटका देऊ लागलं की खाली ठेवा. आणि रिकाम्या पोटी नको, गरगरतं.

मालवणी_मेवा:
पावसाचं मी सांगतो, वेंगुर्ल्याला राहतो. डबा उघडला की तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. नवी बरणी घ्या, लोणच्याची जुनी कितीही घासली तरी नको! जुलैत कागदावर पसरलेली तंबाखू वाळायच्या ऐवजी आणखी ओली होते. एसी नसेल तर टेबललॅम्पखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा. चिमटीत दाबून सोडली की गोळा न होता मोकळी झाली पाहिजे. पाइपसुद्धा ओढून झाल्यावर क्लीनर फिरवून एक दिवस उघड्यावर ठेवा. बंद खणात टाकलात तर तुमच्या चपलांची गत.

स्टेशनरीच्या दुकानात 'पाइप क्लीनर' मागितलेत तर पोरांच्या क्राफ्टचे रंगीत मिळतील, त्यांचे केस प्लास्टिकचे असतात, ओल शोषत नाहीत. सुती क्लीनरचा गठ्ठा भावालाच आणू द्या. दाबायला वेगळं हत्यार नको, चपट्या डोक्याचा जाड खिळा पुरतो.

खडीसाखर:
कस्टमचंही बघा. २०१६च्या बॅगेज नियमांप्रमाणे १२५ ग्रॅम तंबाखू विनाशुल्क आणता यायची, आताचा नियम तपासून घ्या. तेवढ्यात छोटी दोन पाकिटं बसतात. भावाचं वय एकवीसच्या वर आहे ना? तिथे त्याखाली तंबाखू विकत नाहीत.

गच्चीवाला:
भाऊ बेचाळीसचा आहे, दुकानदार ओळखपत्र मागणार नाही अशी आशा! यादी पाठवली: एक बुरकुंडाचा सरळ पाइप, बर्लीची दोन छोटी पाकिटं, सुती क्लीनरचे गठ्ठे. लायटर आणायला सांगू का?

मालवणी_मेवा:
नको, झोतवाला लायटर विमानात अडवतील. शिवाय त्या जोरदार झोताने भांड्याची कड जळते. काडेपेटी घ्या, गुल पूर्ण जळू द्या, मग काडी पाइपजवळ न्या.