फ्रान्चेस्को रोझी: पुढे काय बघू?

निळी_छत्री

मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून इटालियन दिग्दर्शक रोझीचा 'हँड्स ओव्हर द सिटी' (1963) पाहिला. याआधी इटालियन सिनेमा म्हणजे 'बायसिकल थीव्हज', सायकल चोरीला जाते तो, एवढंच माझं ज्ञान. कर्वेनगरला आमच्या सोसायटीत दोन वर्षं रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालू आहेत, त्यामुळेही असेल, पण सुरुवातीला तो बिल्डर मोकळ्या माळावर उभा राहून हात पसरतो आणि आज कवडीमोल असलेल्या या जमिनीतून पाच हजार टक्के नफा कसा निघेल ते समजावतो, तेव्हा मला आमच्याकडचं प्रेझेंटेशनच आठवलं. फक्त सामोसे नव्हते.

हा माणूस कोण? बाकीचं काय बघावं? आणि सगळे इतकेच बोलबोल असतात का?

रिकामी_खुर्ची

जन्म नेपल्स, 1922. शिकला कायदा. मग दिग्दर्शक विस्कोन्तीचा सहाय्यक, तिथून स्वतःचे सिनेमे. तुम्ही पाहिलात त्याला व्हेनिस महोत्सवाचा गोल्डन लायन. 'द मात्तेई अफेअर'ला 1972 साली कान महोत्सवाचं मोठं बक्षीस, पण दुसरा इटालियन दिग्दर्शक एलिओ पेत्री याच्या सिनेमाबरोबर वाटून. आणि गंमत म्हणजे बक्षीस वाटून घेतलेल्या त्या दोन्ही सिनेमांत नायक एकच, जान मारिया वोलोन्ते. 2015 मध्ये गेला. बोलबोल म्हणाल तर हो. मला पेत्री जास्त आवडतो, त्याच्याकडे निदान माणूस घामेजतो. रोझीकडे सगळे फाईल घेऊन हिंडतात.

टी_स्क्वेअर

ताई, वरच्या भाऊंनी जी तक्रार केली आहे ना, नेमक्या त्याच कारणासाठी मी रोझी बघतो.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. नकाशे काढायचे, त्यांच्या कॉपी म्हणजे अमोनिया प्रिंट काढून आणायच्या, मंजुरीसाठी खेटे घालायचे. सिनेमातलं मला काही कळत नाही. 1996 च्या सुमारास एका मित्राने लॉ कॉलेज रोडच्या फिल्म आर्काइव्हमध्ये नेलं, तेव्हा हाच सिनेमा लागला होता. गल्लीतली जुनी इमारत कोसळते, शेजारी त्या बिल्डरचं, नोत्तोलाचं, बांधकाम चालू असतं. माणसं मरतात, एका पोराचे पाय जातात. मग चौकशी समिती या खात्यातून त्या खात्यात फिरते आणि जो तो कपाट उघडून दाखवतो: आमच्याकडून सगळं नियमानुसार. तिथे थिएटरात दोन-चार जण हसले. मला घाम फुटला.

कारण 1987 साली आमच्याच एका साइटवर तळघर खोदताना शेजारच्या वाड्याची भिंत आली खाली. नशीब, दुपारची वेळ होती, कोणी सापडलं नाही. चौकशी झाली. सेक्शनच्या, म्हणजे उभ्या छेदाच्या, ड्रॉइंगमध्ये भिंतीला टेकू दाखवलेले होते, त्यामुळे कागद चोख निघाला. ते टेकू मीच काढले होते, रॉटरिंगच्या बारीक पेनने, 45 अंशांत, सुबक. साइटवर एक वासासुद्धा लावलेला नव्हता.

तर रोझीचं वैशिष्ट्य माझ्या लेखी हे. खलनायक हुडकून त्याच्या मुस्काटात मारावी असं त्याला वाटत नाही. कागद कुठून कुठे गेला, कोणी सही केली, कोण त्या दिवशी रजेवर होता, हे तो बघतो. सभागृहात सगळे नगरसेवक आमचे हात स्वच्छ आहेत म्हणून हात वर करतात, तो प्रसंग आठवा. आणि त्यांच्यासमोर गरजणारा डावा नगरसेवक? तो नट नव्हे. कार्लो फेर्मारिएल्लो, नेपल्सचा खराखुरा कम्युनिस्ट नगरसेवक. बिल्डर मात्र अमेरिकन, रॉड स्टायगर. शेवटची पाटी वाचलीत का? पात्रं आणि घटना काल्पनिक, पण त्यांना जन्माला घालणारी परिस्थिती खरी. आपल्याकडे अर्ध्या वाक्यावर थांबतात.

आता 'साल्वातोरे ज्युलियानो' (1962) बघा. सिसिलीतल्या दरोडेखोराची गोष्ट, पण पहिल्याच दृश्यात तो मेलेला. अंगणात पालथं प्रेत, बाजूला बंदूक, आणि एक अधिकारी पंचनामा सांगतोय, दुसरा लिहून घेतोय. 5 जुलै 1950, कास्तेलवेत्रानो. पुढे अख्ख्या सिनेमात त्याचा चेहरा जिवंतपणी धड दिसत नाही. दिसतात ते पोलीस, माफिया, पुढारी, आणि 1 मे 1947 ला पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्राला कामगार दिनाच्या मेळाव्यावर झालेला गोळीबार. अकरा माणसं मेली होती. रोझीने तो तिथेच जाऊन, आसपासच्या गावकऱ्यांना घेऊन चित्रित केला. कालक्रम मागेपुढे होतो, चहा घेऊनच बसा.

रिकामी_खुर्ची

काका, टेकूंचं वाचून गप्प झालो. फाईलवालं विधान अर्धं मागे घेतो.

'मात्तेई'बद्दल एक राहिलं. एन्रिको मात्तेई इटलीच्या सरकारी तेल कंपनीचा प्रमुख, 27 ऑक्टोबर 1962 ला सिसिलीहून मिलानला येताना विमान पडून गेला. सिनेमाच्या तयारीत रोझीने पालेर्मोचा पत्रकार माउरो दे माउरो याला मात्तेईचे सिसिलीतले शेवटचे दिवस शोधून काढायला सांगितलं. सप्टेंबर 1970 मध्ये दे माउरोला घरासमोरून पळवून नेलं, तो पुन्हा दिसला नाही. रोझीने तेही सिनेमात घातलं, आणि चौकशी करत फिरणारा दिग्दर्शक म्हणून स्वतः पडद्यावर आला. अपघाताची चौकशी नव्वदच्या दशकात पुन्हा झाली, तेव्हा विमानात स्फोट झाल्याचा निष्कर्ष निघाला.

टी_स्क्वेअर

बरोबर. आणि ताई, पुढे तो मऊ झाला असं काही लोक म्हणतात. 'थ्री ब्रदर्स' (1981) बघून ठरवा. आई वारली म्हणून तीन भाऊ गावी येतात, म्हातारा बाप आणि छोटी नात घरात. राजकारण आहेच, पण जेवणाच्या टेबलावर. मी तो बायकोबरोबर पाहिला, तिला माझ्यापेक्षा जास्त कळला.

निळी_छत्री

खूप आभार दोघांचे. ज्युलियानो शनिवारी. काका, काल मीटिंगमध्ये मी हात वर करून विचारलं, तळघर खोदताना शेजारच्या बंगल्याच्या कंपाउंड भिंतीचं काय? बिल्डरचा माणूस हसून म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंगमध्ये दाखवलंय सगळं."

टी_स्क्वेअर

कुठल्या शीटवर ते विचारा, नंबर लिहून घ्या, मिनिट्समध्ये घालायला लावा. आणि खोदाई सुरू झाली की रोज सकाळी गॅलरीतून एक फोटो काढा, तारखेसकट.