भांडवलाची अट वाढली म्हणून ठेवींवरील व्याज कमी?

प्रश्न: आमच्या नागरी सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत सांगण्यात आले, की १०० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या बँकांना भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण (जोखमीनुसार मोजलेल्या कर्जांच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल) ९ टक्क्यांवरून ३१ मार्च २०२६ पर्यंत टप्प्याटप्प्याने १२ टक्क्यांवर न्यायचे असल्याने ठेवींचे दर वाढवता येणार नाहीत. हे कारण पटण्याजोगे आहे का?

उत्तर १: अर्धेच. सहकारी बँकेला शेअर बाजारातून भांडवल उभारता येत नाही. ते मुख्यतः सभासदांच्या भागांतून आणि न वाटलेल्या नफ्यातून येते. नफा राखायचा तर ठेवींवर कमी व्याज देण्याचा मोह होतो, हे खरे; पण भांडवल भक्कम असलेल्या बँकेला मोठ्या ठेवीदारांना चढा दर दाखवून ओढावे लागत नाही, हेही तितकेच खरे.

उत्तर २: जोखमीचे गणित मात्र या टक्केवारीइतकेच जोखीम-भारावर, म्हणजे जोखमीनुसार कर्जाची रक्कम हिशेबात किती टक्के धरायची यावर ठरते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्यापारी बँकांच्या विनातारण वैयक्तिक कर्जांचा भार १०० वरून १२५ टक्के केला. म्हणजे ९ टक्क्यांच्या हिशेबाने १०० रुपयांच्या कर्जामागे ९ ऐवजी ११.२५ रुपये भांडवल अडकले. स्वतःचे पैसे अधिक गुंतले, की कर्ज देणारा हात आपोआप आखडतो. अर्थात, भार चुकीचा ठरवला तर बँका कागदावर सुरक्षित दिसणाऱ्या जोखमीकडे वळतात.

उत्तर ३: ५ लाखांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित असल्याने लहान ठेवीदार ताळेबंद पाहतच नाही. त्याच्या वतीने ते काम भांडवलाची अट करते. पुढच्या सभेत दराआधी थकीत कर्जांचा आकडा विचारा.